सात चाळीस

गोळीबार चौकात, मे महिन्यातली रात्र.
कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतून
मी नवा लॅपटॉप पुढ्यात घेते.
पडद्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच आहे अजून,
काढायला जीव होत नाही.

जुन्या कॉम्प्युटरवर बावीस वर्षं
लग्नपत्रिका जुळवल्या मी.
चि. आणि चि. सौ. कां.,
खाली किलबिल मंडळींची यादी,
सगळं त्या एका फॉन्टात
ज्याला विंडोजबाहेर अक्षर फुटत नाही.
दुसरीकडे नेला की 'शुभविवाह'चं
होतं टोप्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांचं कडबोळं.

यामिनी म्हणाली, "मावशी, तो राहू दे ना तिथंच.
बाजूला लिनक्स टाकून देते.
काहून एकालेच धरून बसून राहिली तू?"
बॅग दाराशी भरून ठेवलेली तिची,
हातात चिवड्याची वाटी,
आणि माझ्याच एका बाद प्रूफच्या पाठीवर
(नवरीच्या बापाचं नाव चुकलं होतं त्यात)
ती लिहीत गेली:
फास्ट स्टार्टअप बंद कर.
पेनड्राइव्ह लाव.
एफ-टू दाबत राह, घाबरून सोडू नको.
आठला ऑटो आला. पुण्याची गाडी.

पुढचं मी एकटीने केलं.

एक निळी पट्टी येते. तिची कड धरून
माउसने ओढायची, की जागा मोकळी होते.
विंडोजला जास्त ठेवली,
त्याच्याकडे सामान जास्त.

बाबांचा माग होता आमच्या एकाच खोलीत.
खड्ड्यात पाय सोडून बसायचे ते,
ताटापासून वीतभर अंतरावरून धोटा पळायचा
आणि वरणात सापडायचे सुताचे तंतू.
माग कुठे संपतो, घर कुठून सुरू होतं,
रेघ नव्हती कुठेच.
हे यंत्र मात्र विचारतं, नक्की?
थांबून परत विचारतं, नक्की?
मी देवाचं नाव घेतलं नाही.
कागद पाहिला, एंटर दाबलं.

साडेबाराला काळा पडदा आला, त्यावर दोन नावं,
एकाखाली एक,
आणि कोपऱ्यात उलटे मोजलेले दहा सेकंद:
कोण हवंय, सांग.

घरात हलबी, शाळेत मराठी,
इतवारीत सुताच्या दुकानी हिंदी,
उंबरा ओलांडता ओलांडता जीभ बदलायची.
मला कधी कुणी
दहा सेकंद दिले नव्हते.

लिनक्स उघडलं. शांत, जांभळं, अनोळखी.
वायफाय लागेना; मोबाइलची वायर जोडली, लागलं.
घड्याळ पुढे धावलं होतं, ते जागेवर आलं.
मग परत जुन्याकडे गेले,
पत्रिका शाबूत आहेत ना बघायला.
होत्या. एकूण एक.
फक्त खाली उजवीकडे
वेळ दाखवत होती
सात चाळीस.

भिंतीवर एक वाजून दहा.

म्हणजे कागदाच्या तळाशी तिने खरडलं होतं ते हेच:
'दोघांचं घड्याळ जुळत नाही, मावशी.
एक इथली वेळ लिहितो,
दुसरा ग्रिनिचची.
साडेपाच तासांचा घोळ होईल.
ही ओळ जशीच्या तशी टाइप कर, मिटेल.'
आणि ती ओळ, ठिपके-रेघांसकट,
तिच्या त्या तिरप्या अक्षरात.

सात चाळीसला
ऑटो यायला वीस मिनिटं होती.
ती याच स्टुलावर, एक पाय वर घेऊन,
चिवड्यातले दाणे निवडून बाजूला काढत,
"चार्जिंगला लाव पहिले" म्हणत होती.

कूलरचं पाणी संपलं, पंखा कोरडा खडखडतो आहे.
उठायला हवं.
वाटीच्या तळाशी दाणे आहेत अजून,
मऊ पडलेले.
ओळ छोटीच आहे.
उद्या टाकीन.